पोरं भिंतीपलीकडून ऐकतात

आईबाबांनो, नांदेड-लातूरकडच्या मंडळ्यांमध्ये एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं. "पोरगं दहावीला गेलं आन् उपासनेला यायचंच बंद झालं." लातुरात तर कारण तयारच असतं, रविवारी क्लासची टेस्ट. 'लातूर पॅटर्न'चा धाक ख्रिस्ती घरालाही तेवढाच. टेस्टचं मी समजू शकते. पण पोरं फक्त टेस्टपायी दुरावतात असं मला वाटत नाही.

रविवारी बाबा उभे राहून साक्ष देतात, प्रभूनं माझं आयुष्य पालटलं. तेच बाबा थोरल्यासाठी स्थळ बघताना म्हणतात, "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला." या वाक्याचा अर्थ न कळणारा माणूस मराठवाड्यात शोधून सापडणार नाही! दोन्हीकडची माणसं बाप्तिस्मा घेतलेली, तरी "मूळचे कोण?" हा प्रश्न चहाच्या आधी येतो. धाकटा भिंतीपलीकडे गणितं सोडवत असतो. त्याला सगळं ऐकू येतं.

अशा वेळी मला टिळकांचं घर आठवतं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळच कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या तेही सोवळं सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक कवी होते, वक्ते होते, घरातल्या घरात रोज एक प्रवचन सहज झोडता आलं असतं. त्यांनी बायकोला तिच्या वाटेनं चालू दिलं. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच विचार करता करता उमगलं, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

पण म्हणून टिळक काही घरात देवदूत नव्हते. त्यांचा संताप, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकून संसाराची तारांबळ उडवणं, हे सगळं लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात, 'स्मृतिचित्रे'त, हसतखेळत लिहून ठेवलंय. वाचणाऱ्याचा टिळकांवरचा जीव त्यानं कमी होत नाही, उलट वाढतो. आपण मात्र मुलांसमोर चुकलो की आवाज चढवतो आणि संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेला हात जोडून बसतो. आपल्याला राग आलेला मुलाला चालतो हो. राग आलाच नव्हता असं दाखवलेलं त्याला चालत नाही. प्रार्थनेआधी "सकाळी माझं चुकलं रे" एवढं म्हणायला आपल्याला इतकं जड का जातं?

आणखी एक. विश्वासणाऱ्यांना कित्ता हो, असं पौलानं लिहिलं ते मंडळीतल्या एखाद्या पिकल्या केसांच्या वडिलांना नव्हे, तरण्या तीमथ्याला. त्याचा बाप ग्रीक होता. पौल त्याच्या विश्वासाचं मूळ शोधतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी. आपल्याकडेही कितीतरी घरांतून आई एकटीच प्रार्थनेला येते. घरचे विरोध करतात असं नाही, नुसते येत नाहीत. त्या आयांना मला सांगायचंय, नवरा येत नाही म्हणून मुलांदेखत त्याला टोचून बोलू नका. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, आणि त्यांचं माणूस घाई करणारं नव्हतं.

बापांना मात्र वेगळं सांगते. यंदा उन्हाळ्यात स्थळाची बोलणी निघाली की मुलांना आत पिटाळू नका, बैठकीत बसवा. देण्याघेण्याचा विषय पाहुण्यांनी काढायच्या आधी तुम्हीच काढा. काही घेणार नाही, मानपान नाही, आणि मुलीच्या अंगावर घालायच्या सोन्याचीही अपेक्षा नाही, असं तुमच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. मामा तुमच्याकडे रोखून बघतील, बघू द्या.