माईक दुसऱ्याच्या हाती

विंडसर, ऑन्टारिओ

चि. मुक्तास,


विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत पडलीस म्हणून परराष्ट्रसेवेचा नादच सोडायचा, हे काही मला पटलं नाही.

जेम्स ब्लँचर्ड हे नाव तू ऐकलं नसशील. नदीपलीकडच्या मिशिगनचा हा माणूस. क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडायला टेकली तेव्हा दीड अब्ज डॉलरच्या कर्जहमीचं विधेयक त्याने काँग्रेसमध्ये लावून धरलं. 1980च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची त्यावर सही झाली आणि डेट्रॉईटबरोबर आमच्या विंडसरमधल्याही कित्येक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. पुढे तो आठ वर्षं मिशिगनचा गव्हर्नर होता. 1990ला तोही निवडणुकीत पडला, साधारण साडेसतरा हजार मतांनी.

1993मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी त्याला राजदूत म्हणून ओटावाला धाडलं. मित्राची सोय लावली, असं कुणी म्हणालं असेल तर म्हणो बापडं. खरी कसोटी लागली ती क्वेबेकने कॅनडातून वेगळं व्हावं का, यावरच्या 1995च्या सार्वमतात. अमेरिकेने उघड बाजू घ्यावी तर फुटीरवाद्यांच्या हाती आयतं कोलीत. गप्प बसावं तर कॅनडा तुटला तरी तिला सोयरसुतक नाही, असा अर्थ निघणार. अमेरिकेची वकिलात तेव्हा वेलिंग्टन स्ट्रीटवर, संसदेच्या अगदी समोर होती. तिथे बसून ब्लँचर्डने वॉशिंग्टनचा पिच्छा पुरवला. आधी परराष्ट्रमंत्री क्रिस्टोफर यांच्याकडून आणि मतदानाला पाच दिवस उरले असताना खुद्द क्लिंटन यांच्याकडून त्याने मोजकी वाक्यं वदवून घेतली: निर्णय कॅनडाच्या लोकांचा, पण बलवान, एकसंध कॅनडा हा आमचा उत्तम शेजारी. ‘नाही’च्या बाजूने 50.58 टक्के मतं पडली. त्यातली किती त्या वाक्यांमुळे, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. (1998मध्ये पुस्तक लिहून त्याने हे सगळं सांगून टाकलं. शेवटी राजकारणीच तो!)

त्याने स्वतः न बोलता दुसऱ्यांना बोलतं केलं; तुझ्या हाती मात्र माईक आला की तू तो सोडत नाहीस. पुढच्या बैठकीत एवढं कर: तुला हवा असलेला ठराव, तुला हरवणाऱ्या त्या मुलाकडून मांडून घे. नाव त्याचं होऊ दे.

ब्लँचर्ड 2002ला पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि पक्षांतर्गत फेरीतच हरला, तेही व्हँकूवरला जन्मलेल्या जेनिफर ग्रॅनहोमकडून. कॅनडाने उट्टं काढलं म्हण हवं तर!

परराष्ट्रसेवेच्या परीक्षेचा अर्ज भर. फ्रेंचची शिकवणी बंद केली असशील तर पुन्हा लाव, पैसे मी पाठवतो.

तुझा,
मामा