श्वासाच्या तक्रारी आणि शिवारातील कामे

दसऱ्यानंतर भाताची कापणी आटोपत आली, खळी सारवून तयार झाली आणि झोडणी सुरू झाली, की कोकणच्या किनारपट्टीवरील गावांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते. कोणाच्या छातीत भरल्यासारखे होते, कोणाला रात्री खोकल्याची ढास लागते, कोणी चार पावले चढून जाताच धापा टाकू लागतो. तक्रार एकच दिसली तरी तिच्याविषयीची धास्ती निरनिराळी असते. एकाला वाटते की हृदय बिघडले. दुसऱ्याला वाटते की क्षय जडला, आणि ही गोष्ट शेजाऱ्यांस कळता कामा नये. तिसराही एक वर्ग आहे व तो बराच मोठा आहे. तो म्हणतो, "धूळ गेली असेल नाकातोंडात, चार दिवसांत बरे वाटेल."

ह्या तिन्ही समजुती कधी खऱ्या ठरतात, कधी खोट्या. त्यांचा निवाडा डॉक्टरांनीच करावयाचा असतो. परंतु तो करण्यासाठी जी माहिती लागते तीतील मोठा भाग दवाखान्यात नसतो, शिवारात असतो. त्रास कोणत्या कामाच्या वेळी सुरू झाला, काम थांबविल्यावर किती वेळाने ओसरला, तो दिवसा अधिक की पहाटे, घरातील आणखी कोणास तसाच होतो काय, हे रोग्याखेरीज कोण सांगणार? पुष्कळ रोगी ते सांगत नाहीत, कारण त्याचा आजाराशी काही संबंध असेल असे त्यांच्या ध्यानी येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यास औषध देता येत नाही व त्याने ते देऊही नये. मात्र हे प्रश्न त्यास विचारता येतात.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी हे गाव ह्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. ते बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तरीही पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाडी, मध्ये नारळी, भाताची खाचरे व भाजीपाल्याचे वाफे आणि कोळी वस्तीलगत बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, असे त्याचे रूप आहे. अशा गावात एकाच कुटुंबातील माणसांच्या छातीत वर्षभरात खळ्यावरची धूळ, राबाचा धूर, फवारणीचे तुषार आणि सुक्या मासळीची भुकटी असे सर्व काही जाऊ शकते. दुसरी गोष्ट अंतराची. खाडीपलीकडे मार्व्यास जावयाचे तर फेरीबोट आहे. मोटारीने जावयाचे तर गोराई व उत्तन करीत भाईंदरचा लांबचा वळसा आहे. म्हणून कोणत्या दुखण्यासाठी उद्याच्या बोटीपर्यंत थांबता येईल आणि कोणत्या दुखण्यासाठी एक घटकाही थांबता येणार नाही, हे येथील माणसास आधीच ठाऊक असले पाहिजे.

थांबता न येणारे दुखणे

छातीच्या मध्यभागी जड दगड ठेवल्यासारखा दाब, तो खांद्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात उतरणे, त्याबरोबर दरदरून घाम, मळमळ व धाप, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे होत. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडली म्हणजे तो स्नायू मरू लागतो, व जितका उशीर होईल तितका त्याचा अधिक भाग कायमचा निकामी होतो. खेड्यात ह्या दुखण्यास सर्वसाधारणपणे "गॅस धरला" असे म्हणतात. ओवा होतो, सोडा होतो, छातीस तेल चोळून होते, आणि औषधाचा खरा उपयोग व्हावयाचा ते पहिले दोन तास निघून जातात. अपचनाचे दुखणे असेच असू शकते, ही गोष्ट खरी. पण दोहोंतील फरक घरात बसून ओळखता येत नाही. त्यासाठी हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी., काढावा लागतो. तो काढला व अपचनच निघाले, तर एक फेरी फुकट गेली एवढेच नुकसान.

अशा रोग्यास बंदरापर्यंत चालवीत नेऊ नये. त्यास बसवून ठेवावे, १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि बोट लवकर मिळेल की रस्ता, हे फोनवरच विचारून ठरवावे. मधुमेह असलेली माणसे, वृद्ध आणि स्त्रिया ह्यांच्या बाबतीत छाती फारशी न दुखता नुसती धाप, घाम व विलक्षण थकवा एवढेच आढळण्याचा संभव असतो; म्हणून "दुखत तर नाही" ह्यावर भरवसा ठेवू नये.

ह्याउलट, भाऱ्या वाहिल्यानंतर बरगडीपाशी सुई टोचल्यासारखी कळ येते, बोटाने दाबले की नेमकी तेथेच दुखते, वळताना वाढते. ही बहुधा स्नायूची कळ असते व विश्रांतीने जाते. तिच्यासोबत ताप, धाप किंवा थुंकीतून रक्त असेल मात्र ती साधी समजू नये.

बुरसलेला पेंढा

झोडणीच्या व उफणणीच्या वेळी उडणारी धूळ नाकास व घशास झोंबते, शिंका येतात, खोकला येतो, आणि काम संपवून स्वच्छ हवेत बसले की तासाभरात बरे वाटते. हा धुळीचा सरळ त्रास होय. धान्य चाळणाऱ्यांना होणारा छातीचा विकार इटलीतील रामाझिनी ह्या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात १७०० साली नोंदविला होता. तेव्हा ही तक्रार काही नवीन नाही.

परंतु पेंढ्यापासून होणारा दुसरा एक विकार आहे. तो फसवा आहे, आणि त्याची माहिती खेड्यांतून फारच थोड्यांना असते. परतीचा पाऊस लांबला व भात भिजले, तर पेंढा पुरता वाळण्याआधीच त्याची उडवी रचली जाते. आत ओल कोंडते, उडवी तापते. हात घातला तर चटका बसावा इतकी उष्णता तीत निर्माण होते. ह्या उष्णतेत वाढणारे सूक्ष्म जीव व बुरशी पेंढ्यावर माजतात. पुढे जनावरांसाठी तो पेंढा उपसला की त्यांची पांढुरकी भुकटी ढगासारखी उठते. हे कण इतके बारीक असतात की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कोषापर्यंत जाऊन पोहोचतात. काही माणसांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटते.

ह्या विकाराची खूण अशी की तो कामाच्या वेळी होत नाही. पेंढा सकाळी हलविला; दुपारी जेवताना काही नव्हते; सायंकाळी, म्हणजे सुमारे चार ते आठ तासांनी, हुडहुडी भरली, ताप चढला, अंग मोडून आले, कोरडा खोकला व धाप लागली. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. रोगी म्हणतो, हिवताप असेल. रक्त तपासले तर हिवताप निघत नाही. आठ दिवसांनी पुन्हा पेंढा उपसला की पुन्हा तोच प्रकार. मधले सहा तास कोणी मोजत नाही, म्हणून कारण व परिणाम ह्यांची सांगड कोणी घालीत नाही. इंग्लंडात कॅम्पबेल ह्या डॉक्टरांनी १९३२ साली बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत ह्या विकाराचे वर्णन केले, आणि पुढे तो शेतकऱ्यांचे फुप्फुस ह्याच नावाने वैद्यकात ओळखला जाऊ लागला. असे झटके वर्षानुवर्षे येत राहिले, तर फुप्फुसात वण पडून ते आखडते, आणि मग झटका नसतानाही धाप कायमची राहते. त्या अवस्थेतून मागे येता येत नाही. सहा तासांची ती नोंद ठेवण्याचे महत्त्व एवढ्यासाठीच आहे.

हा विकार टाळण्याचा मार्ग औषधाचा नाही, शेतीचाच आहे. पेंढा पुरता वाळल्यावाचून उडवी रचू नये. पाऊस डोक्यावर असेल तर लहान लहान उडव्या रचून त्या हवेशीर, जमिनीपासून उंच ठेवाव्या. बुरसलेला पेंढा बंद गोठ्यात झटकू नये. तो बाहेर आणून, वर पाणी शिंपडून, वाऱ्याकडे पाठ करून हलवावा. तो जनावरांस घालणेही बरे नव्हे. तोंडास गुंडाळलेला पंचा किंवा रुमाल मोठी धूळ अडवितो, ही बारीक भुकटी अडवीत नाही; तिच्यासाठी एन-९५ जातीचा मुखपट्टा चेहऱ्यास घट्ट बसेल असा लावावा लागतो. ज्यास एकदा असा झटका आला असेल त्याने ते काम घरातील दुसऱ्याकडे सोपवावे, हे सर्वांत उत्तम.

दमा आणि पंपाची भीती

दम्यात श्वासनलिका आकसतात व आतून सुजतात. श्वास सोडताना शिटीसारखी घरघर ऐकू येते, त्रास रात्री व पहाटे वाढतो, आणि मध्यंतरी माणूस अगदी निरोगी दिसतो. धूळ, धूर, थंड हवा, सुक्या मासळीची भुकटी ह्यांपैकी काहीही झटक्याचे निमित्त होऊ शकते. ह्यावरील औषध तोंडाने ओढावयाच्या पंपातून घेतात, आणि येथेच लोकांची भीती आड येते: पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय, मुलीला पंप दिला तर तिचे लग्न कसे व्हावयाचे! वस्तुतः पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने गोळीपेक्षा पुष्कळच कमी मात्रेत काम भागते. आकसलेली नलिका तात्काळ मोकळी करणारे एक औषध असते व सूज हळूहळू उतरविणारे दुसरे. दुसरे रोज घ्यावयाचे असते, बरे वाटत असतानाही. ते घेतल्यावर चूळ भरावी. बहुतेक लोक नेमके ह्याच्या उलट वागतात. मृगाच्या मुहूर्तावर जिवंत मासोळीतून दिले जाणारे औषध गिळण्यासाठी महाराष्ट्रातूनही माणसे हैदराबादेस जात आली आहेत. त्याने दमा बरा होतो ह्यास शास्त्रीय पुरावा नाही, आणि त्या भरवशावर रोजचा पंप बंद केला तर जिवावर बेतू शकते.

बायकांच्या धापेकडे घरात फारसे लक्ष जात नाही. बंद स्वयंपाकघरात लाकूडफाट्याच्या चुलीपुढे वीस-पंचवीस वर्षे बसलेल्या बाईचे फुप्फुस विडी ओढणाऱ्या पुरुषाप्रमाणेच निकामी होऊ शकते, मग तिने जन्मात विडीला हात लावलेला नसो. उन्हाळ्यात राब भाजताना ह्या धुरात आणखी भर पडते. शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर राबावाचून भाताची चांगली रोपे होतात, एवढे येथे नमूद केले म्हणजे पुरे.

दोन आठवड्यांचा खोकला

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, त्याबरोबर सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त असे काही असो वा नसो, थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाचे जंतू कॉख ह्यांनी १८८२ साली दाखविले, तेव्हापासून हा रोग आनुवंशिक शाप नसून जंतूंचा संसर्ग आहे हे सिद्ध झाले आहे. तपासणी व औषधे सरकारी आणि महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. उपचार चालू असेपर्यंत रोग्यास पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे.

रोगी घरात राहिला तर मुलाबाळांस रोग लागेल, ही धास्ती सर्वांत खोल असते व तीपायीच तो लपविला जातो. ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रात काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून सारखीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांस जवळजवळ तितकाच गुण आला, आणि त्यांच्या कुटुंबियांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. घरच्यांस धोका असतो तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वीच्या काळात. म्हणजे लपविलेला क्षय पसरतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून औषध सोडणे हेही तितकेच घातक. राहिलेले जंतू मग त्याच औषधांना दाद देईनासे होतात.

फवारणीनंतरची घुसमट

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ सालच्या हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि सुमारे वीसजण दगावले. त्या वर्षी कापूस डोक्याइतका वाढला होता. तुषार थेट तोंडावर येत होते. भाजीपाल्याच्या वाफ्यात पीक एवढे उंच नसते, पण वारा असतो. मनोरीसारख्या समुद्रकाठच्या गावात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून फवारणी सकाळी वारा शांत असताना उरकावी व कोणत्याही वेळी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चालू नये. छाती आवळणे, तोंडास लाळ, डोळ्यांस पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची चिन्हे होत. अशा माणसास तेथून दूर आणून कपडे उतरवावे, अंग साबणाने धुवावे व ताबडतोब रुग्णालयात न्यावे. औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत दिली पाहिजे; विषाचे नाव कळल्यावाचून उतारा निश्चित करणे डॉक्टरांस अवघड जाते.

तीच रीत इतर तक्रारींतही उपयोगी पडते. कार्यकर्त्याने रोग्याच्या हाती एक कागद द्यावा व त्यावर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे: "गुरुवारी सकाळी नऊला भिजलेला पेंढा गोठ्यात उपसला. दुपारी ठीक. संध्याकाळी चारला थंडी, ताप. सकाळी ताप नाही, धाप आहे. मागच्या सोमवारीही असेच. विडी नाही. घरी आणखी कोणास नाही." पलीकडे जाणाऱ्या बोटीत बसताना हा कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि आधी काढलेले छातीचे फोटो एकाच पिशवीत असावेत.