कोडिंग जमत नाही? नेटवर्किंगचा विचार करा

निकाल लागला की साकोली-लाखांदूरकडच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: "पोराला कॉम्प्युटरची आवड आहे, पण प्रोग्रामिंगला घाबरतो. त्याचं काय करायचं?" माझं उत्तर आहे, नेटवर्किंग.

कारखाना असो, रुग्णालय, बँक की कॉलेज, शे-दोनशे संगणक जोडायचे तर स्विच नावाची उपकरणं लागतात. कोणत्या संगणकाने कुठपर्यंत जायचं, हे तिथे नियमांच्या यादीने ठरतं. तिला अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात. समजा, कॉलेजच्या लॅबमधून परीक्षा विभागाचा सर्व्हर दिसू नये आणि इंटरनेट सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढंच चालावं. हे काम मोजक्या ओळींत होतं, पण त्या ओळींचा क्रम चुकला तर सगळं फसतं. स्विच यादी वरून खाली वाचतो आणि जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतो. शेवटी न दिसणारा एक नियम असतो: बाकी सगळं बंद. नवशिका एका संगणकाला अडवणारी एकच ओळ लिहितो आणि अख्खी लॅब बंद पडते.

वेळेचे नियम त्याहून नाजूक. अनेक स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की सिस्को या कंपनीचे कित्येक स्विच 1 मार्च 1993 ही तारीख दाखवतात. आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे सांगायला नको. घड्याळ बरोबर असूनही भारतीय वेळ नेमून दिली नसेल, तर 10 चा नियम दुपारी साडेतीनला सुरू होतो. म्हणून स्विचला एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने, नेमकी वेळ पुरवावी लागते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनीही संस्थांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. मुलाखतीत "नियम बरोबर आहे, तरी चालत नाही, का?" असं विचारल्यावर "आधी घड्याळ बघतो" म्हणणारा उमेदवार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा आयसीटीएसएम (माहिती व संचार तंत्रज्ञान प्रणाली देखभाल) ट्रेड किंवा तीन वर्षांची पॉलिटेक्निक पदविका, दोन्ही वाटा चांगल्या. मराठी माध्यमाची धास्ती नको. स्विचला द्यायच्या आज्ञा म्हणजे परमिट, डिनाय असे मोजके शब्द. मात्र इंग्रजी मॅन्युअल वाचायची सवय लावावीच लागते. सिस्कोची सीसीएनए ही नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा दोन तासांची, शुल्क सुमारे 300 डॉलर आणि वर कर. तिची घाई करू नका, आधी सराव होऊ द्या.

पहिली नोकरी बहुधा नागपूर किंवा पुण्यात मिळेल. सुरुवातीला केबल ओढाव्या लागतील, रात्रपाळीही येईल. हे मुलाला आणि घरच्यांनाही आधीच माहीत असलेलं बरं.

"शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी त्यांची लॅब स्वतः जाऊन बघा, खरे स्विच हाताळायला मिळतात का ते विचारा. आणि तोवर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्किंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर मोफत उतरवून घ्या. महिनाभर मुलगा किंवा मुलगी त्यात आपणहून रमली, तरच पैसे भरा.