व्रण कोणाचा भरतो, कोणाचा चिघळतो?

राजस्थानातील बिकानेरच्या परिसरात काही लोकांच्या चेहऱ्यावर किंवा हातापायांवर रुपयाएवढा, किंचित खोलगट वण आढळतो. तो भाजल्याचा नसतो, देवीचाही नसतो. लीशमानिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे झालेल्या व्रणाची ती खूण होय. पश्चिम आशियात याच व्रणाला बगदादचा फोड, अलेप्पोचा फोड अशी गावोगावची नावे मिळाली होती.

हा परोपजीवी वालुकामाशीच्या चाव्यातून त्वचेत शिरतो. माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची, डासाहूनही लहान. रक्षणासाठी धावून आलेल्या भक्षक पेशी परोपजीवीला गिळतात. येथवर सारे नेहमीसारखे. पण ज्या आम्लयुक्त कप्प्यात त्याचे पचन व्हायचे, तेथेच तो आपली शेपटी आखडून वाटोळा होतो आणि वाढू लागतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार!

बहुतेकांचा व्रण काही महिन्यांत किंवा वर्षभरात आपोआप भरतो आणि पुढे त्या जातीच्या परोपजीवीपासून सहसा त्रास होत नाही. मात्र इथिओपियात एकाच जातीच्या परोपजीवीमुळे एकाला एखादाच व्रण होतो, तर दुसऱ्याच्या अंगभर गाठी उठतात व वर्षानुवर्षे बऱ्या होत नाहीत. हा फरक कशामुळे?

असा प्रश्न सोडवताना भौतिकीत आपण एक घटक बदलतो व बाकीचे स्थिर ठेवतो. माणसांवर हे करता येत नाही, उंदरांवर येते. वीस पिढ्यांहून अधिक काळ भावंडांचाच संकर केला की त्या वंशातील सर्व उंदीर जुळ्यांसारखे एकरूप होतात. असे दोन वंश घेतले : काळा ‘सी-५७ ब्लॅक’ आणि पांढरा ‘बाल्ब-सी’. परोपजीवी तोच, मात्रा तीच, टोचण्याची जागाही तीच. काळ्या उंदराचा व्रण काही आठवड्यांत भरला. पांढऱ्याचा वाढत गेला, रोग शरीरभर पसरला आणि उंदीर दगावला. बदलले होते ते फक्त आनुवंशिक द्रव्य.

त्याचे कारण उमगू लागले ते १९८६ नंतर. त्या वर्षी मॉसमन व कॉफमन यांनी दाखवले की, उंदरातील साहाय्यक टी-पेशींचे दोन गट पडतात. पहिला गट गॅमा इंटरफेरॉन स्रवतो. त्याच्या इशाऱ्याने भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि पोटातील परोपजीवीला मारते. (होय, मोटारीच्या धुरात असतो तोच हा वायू!) दुसरा गट इंटरल्यूकिन-४ स्रवतो व त्यामुळे प्रतिपिंडे वाढतात. पण प्रतिपिंडे पेशीच्या बाहेर फिरतात आणि शत्रू तर आत बसलेला. काळ्या उंदरात पहिला गट प्रबळ ठरतो, पांढऱ्यात दुसरा. म्हणजे पांढरा उंदीर लढत नाही असे नव्हे. तो चुकीच्या हत्याराने लढतो.

म्हणूनच प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याच्या’ जाहिराती वाचताना मला नेहमी विचारावेसे वाटते, कोणती? दक्षिण अमेरिकेतील एका जातीच्या परोपजीवीमुळे काही रुग्णांचे नाक व टाळू झडतात. तेथे परोपजीवी थोडेच सापडतात. नासधूस करतो तो शरीराचा स्वतःचाच अनावर प्रतिसाद.

आता जनुकांकडे वळू. १९९३ मध्ये उंदराच्या पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक हाती लागले. त्याचे प्रथिन भक्षक पेशीच्या कप्प्यातून लोहासारखे धातू बाहेर काढते व परोपजीवीची उपासमार करते. या प्रथिनातील १६९ वे अमिनो आम्ल बदलले, तर काळा आजार घडवणारा लीशमानिया उंदराच्या यकृतात फोफावतो. गंमत अशी की, आपल्या काळ्या व पांढऱ्या दोन्ही उंदरांत हे जनुक सदोषच असते! तेव्हा त्यांच्या व्रणांतील फरक त्याने उलगडत नाही. तेथे अनेक गुणसूत्रांवरील जनुकांचा थोडाथोडा हात असतो. माणसातही तसेच. भारत व ब्राझीलमधील काळ्या आजाराच्या रुग्णांच्या अभ्यासात २०१३ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरील एका भागाशी संबंध दिसला. परोपजीवीचे तुकडे टी-पेशींना ‘दाखवणाऱ्या’ प्रथिनांची जनुके तेथेच असतात.

तरीही जनुके म्हणजे ललाटीचा लेख नव्हे. पांढऱ्या उंदराला संसर्गाच्या सुमारास इंटरल्यूकिन-४ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले की त्याचाही व्रण भरतो. उलट, एचआयव्हीमुळे टी-पेशी घटलेल्या माणसात वर्षानुवर्षे दबून राहिलेला लीशमानिया पुन्हा डोके वर काढतो.

एकदा झालेला व्रण पुढे संरक्षण देतो, हे पश्चिम आशियातील लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधीच हेरले होते. मुलींच्या चेहऱ्यावर वण नको म्हणून झाकल्या जाणाऱ्या जागी व्रणातील द्रव मुद्दाम टोचत. १९८० च्या दशकातील युद्धकाळात इराणने जिवंत परोपजीवी टोचण्याचा हाच उपाय लाखो लोकांवर केला. बहुतेकांना संरक्षण मिळाले, पण काहींचे टोचलेले व्रण दीर्घकाळ भरेनात. ते कोणाचे चिघळतील हे आधी ओळखता येत नव्हते आणि हा उपाय मागे पडण्याचे तेच एक मोठे कारण ठरले.