विचारण्यात कमीपणा नाही

मुलांनो, एखादे गणित अडले तर तुम्ही काय करता? काही जण शेजारच्या मित्राला विचारतात. काही जण शिक्षकांकडे जातात. पण काही जण गप्प बसतात. 'मी विचारले तर सगळे हसतील,' असे त्यांना वाटते. गप्प बसण्याने किती नुकसान होते आणि विचारण्याने किती लाभ होतो, हे आपण दोन खऱ्या उदाहरणांवरून पाहू या.

पहिले उदाहरण जपानमधील आहे. 1985 साली ओसाका भागातील मात्सुशिता कंपनीत घरच्या घरी पाव तयार करणारे यंत्र बनवण्याचे काम चालू होते. ही कंपनी आज पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाते. यंत्राने केलेला पाव काही जमेना. वरचा भाग करपायचा आणि आतला भाग कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि कारागिराने मळलेल्या पिठाची क्ष-किरण चित्रेही काढून पाहिली. तरी उपाय सापडेना.

तेव्हा इकुको तानाका यांना एक युक्ती सुचली. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात सर्वांत उत्तम समजला जात असे. तानाका तेथील मुख्य कारागिराच्या हाताखाली शिकू लागल्या. त्यांचे काम संगणकाचे, पण पीठ मळायला शिकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. कारागीर पीठ एका खास रीतीने ताणतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते इंजिनियरांना सांगितले. वर्षभर प्रयोग झाले. यंत्राच्या आत खास उंचवटे बसवले गेले आणि पाव उत्तम होऊ लागला.

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे सराव. तानाका यांना दोन्ही अर्थांनी तालीम मिळाली! इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकांनी 1991 साली ही हकीकत आपल्या लेखात सांगितली. एकाच्या हातातील कसब सर्वांपर्यंत पोहोचले, तरच कंपनीचे ज्ञान वाढते, असे ते म्हणत.

आता दुसरे उदाहरण पाहू. ते अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाचे आहे. 1970 नंतरच्या दशकात तेथे पहिल्या वर्षाच्या गणितात अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत. 'त्यांना अभ्यासाची आवड नसेल, घरचे लोक लक्ष देत नसतील,' असे अनेकांना वाटे. युरी ट्राइझमन यांनी या मुलांसोबत राहून त्यांचा अभ्यास जवळून पाहिला. तेव्हा हे अंदाज चुकीचे ठरले. ही मुले कष्टाळू होती. शाळेत ती हुशार म्हणून ओळखली जात. पण ती एकटीच अभ्यास करत. मदत मागणे म्हणजे कच्चे असणे, असे त्यांना वाटे. याउलट, चिनी वंशाचे अनेक विद्यार्थी आधी स्वतः गणिते सोडवत, मग एकत्र बसून उत्तरे तपासत आणि एकमेकांच्या चुका दाखवत.

ट्राइझमन यांनी गटाने गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले. हे वर्ग कच्च्या मुलांसाठी आहेत, असे त्यांनी म्हटले नाही. उलट, तेथे अवघड गणिते दिली. या वर्गांतील विद्यार्थ्यांची प्रगती पुष्कळ सुधारली.

एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या मनात काय चालते, याचा विचार करा. 'सगळ्यांना येते, फक्त मलाच येत नाही,' असे त्याला वाटते. त्याची झोप उडते. जेवणावर मन लागत नाही. परीक्षेची भीती वाढत जाते. पण चार मित्र एकत्र बसले, की एक जण म्हणतो, 'अरे, मलाही हे कळले नाही.' एवढ्या एका वाक्याने मनावरचे ओझे हलके होते. गणित नंतर सुटते, पण धीर आधी येतो.

मात्र, दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवणे म्हणजे मदत घेणे नव्हे. आधी स्वतः प्रयत्न करावा, मग विचारावे. तसेच, कधी कधी मनाचे दुःख मित्रांच्या मदतीने हलके होण्यासारखे नसते. उदासपणा बरेच दिवस टिकला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर आई-वडिलांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगावे. भारत सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेली मानस' ही सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, केव्हाही विनामूल्य बोलता येते. ताप आल्यावर आपण औषध घेतो, मग मनाच्या आजारात मदत घ्यायला लाज कशाला?

मुलांनो, उद्या वर्गात तुमच्या शेजारी कोणी गप्प बसलेला दिसला, तर तो विचारेल याची वाट पाहू नका. तुम्हीच त्याला विचारा, 'काय रे, काही अडले आहे का?'

शब्दार्थ
कमीपणा – हलकेपणा, मान कमी होणे
कसब – हुनर, कौशल्य
करपणे – जास्त भाजून काळे पडणे
धीर – हिंमत
विनामूल्य – मोफत

स्वाध्याय
1. तानाका यांच्या काय लक्षात आले?
2. बर्कलीतील विद्यार्थ्यांबद्दलचा कोणता अंदाज चुकीचा ठरला?
3. 'गणित नंतर सुटते, पण धीर आधी येतो,' या वाक्याचा अर्थ सांगा.
4. उत्तर उतरवणे आणि मदत घेणे यांत काय फरक आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
5. मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द लिहा. त्यांचे अर्थ सारखे आहेत का, ते पाहा.