झिजलेला एक्सल भरून घ्यावा की बदलावा?

प्रश्न : ऊसवाहतुकीसाठी माझ्याकडे एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. हंगामाआधी हब खोलले, तेव्हा एका ट्रॉलीच्या एक्सलवर आतल्या बेअरिंगची जागा झिजलेली दिसली. लेथवाले म्हणतात, वेल्डिंगने भरून टर्निंग करून देतो, नवा एक्सल घेण्याची गरज नाही. काय करावे?
– एक वाहतूकदार, वाळवा तालुका

उत्तर : आधी ती खरोखर झीजच आहे का, ते पाहा. ट्रॉलीचा एक्सल स्वतः फिरत नाही, हब त्याच्याभोवती फिरतो. म्हणून बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये ठोकून घट्ट बसवतात आणि आतली रिंग एक्सलवर हाताने सरकेल इतपत सैल ठेवतात. नुसती सरकते म्हणून एक्सल गेला असे समजू नका. रिंग जागेवर चढवून वर-खाली हलवा. ती डुलली, खटखट वाजली, तर झीज नक्की. मग मायक्रोमीटरने दोन मापे घ्या, एक उभे आणि एक आडवे. चाक भार खालून वर रेटते, त्यामुळे एक्सल खालच्या अंगाने आधी खातो. आडवे माप बरोबर आणि उभे कमी, असे बहुधा आढळेल.

झिजेपेक्षा मला भेगेची काळजी जास्त वाटते. आतल्या बेअरिंगच्या मागे एक्सलची जाडी एकदम वाढते. तिथल्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, पोलाद सर्वांत जास्त ताणले जाते. भरलेली ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात आदळते तेव्हा तो ताण वाढतो आणि उतरतो. केसाएवढी भेग तिथेच पडते आणि हंगामभर आत सरकत राहते. ग्रीस आणि मातीच्या थराखाली ती डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनिट्रंटचे तीन डब्यांचे किट मिळते. जागा क्लीनरने स्वच्छ करा, लाल रंग मारून थोडा वेळ थांबा, रंग पुसून घ्या आणि पांढरा डेव्हलपर मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की निर्णय झाला : तो एक्सल भंगारात. भेगेवर वेल्डिंग करून ती वरून झाकली जाते, आत तशीच राहते.

हे ज्ञान फार मोठी किंमत मोजून मिळाले आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा एक्सल तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि दारे बाहेरून बंद असल्यामुळे पन्नासहून अधिक माणसे आत अडकून गेली. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची आतली ठेवणच बदलते, असा तेव्हाचा समज होता. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने तुटलेले एक्सल तपासून दाखवले की भेग जाडी बदलते त्या कोपऱ्यात सुरू होऊन हळूहळू आत जाते. तो कोपरा काटकोनी न ठेवता गोलाई देऊन करावा, असे त्याने सुचवले. प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्योलरने नंतर अनेक वर्षे एक्सलवर चाचण्या घेतल्या. एका फटक्यात जे पोलाद तुटत नाही, ते त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आल्यावर तुटते, हे त्याने सिद्ध केले. मागचा हंगाम निभावला म्हणून हाही निभावेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आता भेग नाही, फक्त झीज आहे असे धरू. एक्सलला बहुधा इएन-८ सारखे मध्यम कार्बनचे पोलाद वापरतात. त्यात कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो. त्यावर थंड असतानाच नेहमीचा ६०१३ रॉड चालवला, तर वेल्डिंगच्या कडेचा पट्टा झपाट्याने थंड होऊन काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. वर टर्निंग केले की जागा चकचकीत दिसते, बेअरिंगही नेमके बसते, पण तो ठिसूळ पट्टा नेमका त्या कोपऱ्याशेजारी असतो. काम नीट करायचे तर एक्सल सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, भट्टीत वाळवलेला ७०१८ रॉड लागतो, आणि नंतर एक्सल चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड करावा लागतो. एवढे करणारा कारागीर मिळाला तरी आतल्या बेअरिंगच्या जागेसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. बाहेरच्या, टोकाकडच्या बेअरिंगची जागा झिजली असती तर मी भरून घ्या म्हटले असते, कारण तिथे वाकवणारा जोर फार कमी असतो.

काही जण जागा उतरवून त्यावर बुश चढवतात. ५० मिलिमीटरचा एक्सल ४५ वर आणला, तर तेवढ्याच भाराला पोलादावरचा ताण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो, कारण ताकद व्यासाच्या घनाबरोबर घटते. बुशने माप भरते, ताकद भरत नाही. जुने टोक कापून चौकोनी बारला नवे टोक जोडणे हा तर सगळ्यांत वाईट उपाय. तापवून सरळ केलेला, किंवा बेअरिंग जळून निळा पडलेला एक्सलही परत लावू नका.

तेव्हा माझे स्पष्ट मत : तुमचा एक्सल बदला. दुरुस्ती आणि नवा एक्सल यांच्या किमतीतला फरक बुडालेल्या खेपांशी ताडून पाहा. रस्त्यात आडवी झालेली ट्रॉली उपसायला माणसे लागतात, तोडलेला ऊस वाळतो, टोळी बसून राहते. आणि याहून मोठी गोष्ट, उसाच्या मोळ्यांवर तोडणी कामगारांची बायकापोरे बसून जातात, रात्री मागून दुचाकी येत असतात. वाचलेले पैसे त्यांच्या जिवावर वाचलेले असतात.

नवा घेताना कोपऱ्यात गोलाई आहे का ते बोटाने चाचपा आणि बेअरिंगचे नंबर जुळवा. जुना का झिजला हेही शोधा. ऑइल सील फाटून चिखल-पाणी आत गेले असेल, नट सैल राहिला असेल किंवा ट्रॉली कायम जास्त भरली जात असेल. ऑइल सील आणि कॉटर पिन नवीनच टाका. पहिल्या खेपेनंतर दोन्ही हबना हात लावून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापला असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे किंवा ग्रीस कमी पडले आहे.

प्रश्न : माझी मोटार पुढच्या चाकांवर चालते. वळताना चाकाकडून कटकट आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, एक्सल पूर्ण बदला. ग्रीस भरून चालणार नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आवाज सुरू झाल्यावर नाही. हा एक्सल गाडीचे वजन पेलत नाही, चाक फिरवतो. त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट फाटले की ग्रीस उडून जाते आणि धूळ आत शिरते. मग गोळ्या आणि त्यांच्या खाचा खरवडल्या जातात, त्यावर ग्रीसचा इलाज नाही. वळताना येणारा आवाज सहसा बाहेरच्या जॉइंटचा असतो. आतला जॉइंट आणि शाफ्ट चांगला असेल तर फक्त बाहेरचा जॉइंट बदलून भागते. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर आतलाही गेला असावा, आणि तेव्हा पूर्ण एक्सल घेणेच परवडते. दुसऱ्या बाजूचे बूट आजच बघून घ्या. ते फाटले असेल पण आवाज नसेल, तर जॉइंट धुऊन नवे ग्रीस आणि नवे बूट एवढ्यावर काम होते. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटल्याची ती पहिली खूण समजा.