पक्षिणीचें घरटें व आग्या मोहोळ

शास्त्रपाठ : अनुवाद 22:6-7, नीतिसूत्रें 25:16

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांतील हा नियम इतका लहान आहे कीं, वाचक बहुधा तो ओलांडून पुढें जातो. वाटेनें जातां घरटें आढळलें व पक्षीण अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलें घेण्यास मोकळीक आहे. परंतु आईस त्यांच्यासह धरूं नये, तिला सोडून द्यावें. ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमास जोडलेलें अभिवचन मात्र क्षुल्लक नाहीं. आईबापांचा मान राखणाऱ्यास जें कल्याण व दीर्घायुष्य देऊं केलें आहे, तेंच येथें पक्षिणीस सोडणाऱ्यास देऊं केलें आहे. भुकेल्याला कांहींच घेऊं नको असें नियमशास्त्र म्हणत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. घ्यावें, पण ज्यापासून पुढें पुन्हा मिळावयाचें, तें राखावें.

आपल्या वर्धा जिल्ह्यांत ह्या नियमाची कसोटी पक्ष्यांपेक्षां आग्या मोहोळावर अधिक लागते. ह्या माश्या उंच झाडाच्या फांदीस एकच मोठें पोळें उघड्यावर बांधितात. त्या पेटींत पाळतां येत नाहींत. फुलोरा संपला म्हणजे त्या निघून जातात व पुष्कळदां पुढल्या हंगामीं त्याच झाडावर परत येतात. मध पोळ्याच्या वरल्या बाजूस, फुगीर भागांत असतो. खालीं अंडीं व अळ्या असतात. रात्रीं टेंभा लावून माश्या जाळाव्या, सबंध पोळें पाडावें व फडक्यांत पिळावें, ही जुनी रीत. तिच्यांत आई, पिलें व घर एकदमच नष्ट होतें. अळ्यांचा रस मिसळल्यामुळें तो मधही लवकर आंबतो. शिवाय उन्हाळ्यांत एक ठिणगी वाळल्या पाल्यावर पडली तरी रान पेटतें. (बोरचें रान 1970 पासून अभयारण्य व 2014 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, तेथें परवानगीवांचून मध काढणें हा तर गुन्हाच होय.)

ह्या विषयाचा खोल विचार केलेला एक ख्रिस्ती मनुष्य वर्ध्यांतच राहत होता, आणि आपल्या मंडळ्यांस तो फारसा ठाऊक नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. जे. सी. कुमारप्पा (1892-1960) हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यांतले. विलायतेंत हिशेबतपासणीचें व अमेरिकेंत अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलेले हे गृहस्थ, 1934 सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें निघालेल्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस होऊन मगनवाडींत येऊन राहिले. मधमाश्या पाळणें हाही त्या संघाच्या उद्योगांपैकीं एक होता. तुरुंगांत असतां त्यांनीं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत ते उपजीविकेच्या पायऱ्या दाखवितात. वानर आंब्यास कांहीं न देतां फळें ओरबाडतें. मधमाशी फुलापासून घेते, पण पराग पोंचवून फळ धरण्यास साह्य करिते. पक्षीण तर मोबदला न मागतां पिलांसाठीं खपते. वानरास दोष कशाला द्यावा? त्याला नियमशास्त्र दिलेलें नव्हतें. पोळें जाळणारा मात्र त्याच्याही खालीं उतरतो, कारण वानर निदान झाड तोडीत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, “मीं ठेविलें तर दुसरा जाळून नेईल, आणि माझ्या घरीं मीठमिरची कोठून यावी?” हा आक्षेप खरा आहे, प्रचारकानें तो हंसण्यावारी नेऊं नये. ह्यास उपाय आहे. जाळीचा पोशाख घालून, बेताचा धूर देऊन, मधाचा भाग तेवढा कापावा व अळ्यांचा भाग फांदीस राहूं द्यावा. फुलोरा असल्यास माश्या तेथेंच पुन्हा मध भरितात. शिकल्यावांचून व पोशाखावांचून कोणीं हें करूं जाऊं नये. आग्या माश्यांच्या दंशांनीं माणसें मेलेलीं आहेत. एकट्याला पोशाख परवडत नसेल तर मंडळीनें एक घेऊन ठेवावा. सणाच्या दानांतून ह्याहून वाईट खर्च होतांना आपण पाहतों.

शब्बाथशाळेच्या मुलांस शिकवितांना छपरावरचा भोपळ्याचा वेल दाखवावा. त्यावर नर व मादी अशीं निराळीं फुलें येतात. मादीफुलाखालीं लहानसा भोपळा आधींच दिसतो. एका मादीफुलास उमलण्यापूर्वीं सायंकाळीं पातळ फडकें बांधावें, दुसरें मोकळें ठेवावें, आणि आठवड्यानें दोन्हीं भोपळे मुलांकडूनच पाहवावे.